हौद, तोट्या आणि काळवीट

अटलांटिक महासागराच्या मधोमध, विषुववृत्ताच्या थोडं खाली, ॲसेन्शन नावाचं बेट आहे. ज्वालामुखीनं ओकलेला काळा खडक आणि राख, झाडी नावापुरती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी तिथे धावपट्टी बांधली. तिचं नाव ‘वाइडअवेक’, म्हणजे टक्क जागं. नाव ऐकून एखाद्या सेनापतीला सुचलं असेल असं वाटतं, पण ते पक्ष्यांचं आहे. बेटावर हजारोंनी घरटी करणाऱ्या आणि कर्कश ओरडून माणसांची झोपमोड करणाऱ्या सुरय पक्ष्यांना तिथले लोक याच नावानं ओळखतात.

३० एप्रिल १९८२ च्या रात्री ते पक्षीही गप्प झाले असतील. मध्यरात्र व्हायच्या आत या एका धावपट्टीवरून ब्रिटिश हवाई दलाची १३ विमानं एकामागोमाग एक उठली. प्रत्येकाला चार इंजिनं, म्हणजे एकूण ५२. रेडिओवर मात्र कुणी अवाक्षर काढत नव्हतं. या १३ विमानांपैकी बॉम्ब होते फक्त दोघांच्या पोटात, आणि त्यातलंही एकच शेवटपर्यंत जाणार होतं, दुसरं राखीव. उरलेल्या ११ विमानांमध्ये फक्त इंधन होतं.

टँकर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उन्हाळा येतो, बीड-जालन्याकडचा फुफाटा आणि रांगेतले हंडे येतात. तो टँकर वाटेत डिझेल जाळतो, पण निदान पोटातलं पाणी पीत नाही. हवेतल्या टँकरचं दुखणं वेगळं आहे. दुसऱ्यासाठी नेत असलेलं इंधनच तो स्वतः पीत पीत जातो. जितकं लांब न्यायचं तितकं हाती उरतं कमी, आणि रिकामा होऊन परत यायचं तर त्यासाठीही पोटात काहीतरी राखून ठेवावं लागतं.

२ एप्रिलला अर्जेंटिनानं ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवलं आणि पोर्ट स्टॅन्लीचा विमानतळ ताब्यात घेतला. ब्रिटनच्या नौदलाचा ताफा निघाला, पण जहाजांना वेळ लागणार होता. त्यांच्या आधी काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि अर्जेंटिनाच्या वेगवान लढाऊ विमानांना स्टॅन्लीच्या धावपट्टीचा वापर करता येऊ नये असंही पाहायचं होतं. जवळात जवळ उपलब्ध तळ म्हणजे हे ॲसेन्शन, आणि तिथून स्टॅन्ली सहा हजार किलोमीटरांहून लांब. मुंबईहून उडायचं, बर्लिनवर बॉम्ब टाकायचे आणि मध्ये कुठेही न टेकता मुंबईला परत यायचं, एवढा हा पल्ला. फरक इतकाच की वाटेत सगळा समुद्र.

बॉम्बफेकीसाठी हाताशी होतं ते व्हल्कन. पंख पतंगासारखे त्रिकोणी, दिसायला देखणं, वयानं मात्र उतरतीला लागलेलं. सोव्हिएत शहरांवर अणुबॉम्ब टाकण्यासाठी पन्नाशीच्या दशकात बनवलेलं हे विमान त्याच वर्षी निवृत्त व्हायचं होतं. त्याच्या नाकावर इंधन घेण्यासाठी एक सोंड बसवायची सोय होती, पण कित्येक वर्षांत तिचा वापरच झाला नव्हता. आतले नळ, झडपा, सगळं गंजत पडलेलं. मग शोधाशोध सुरू झाली. जुन्या, भंगारात निघालेल्या व्हल्कनांच्या सोंडा काढून आणल्या गेल्या. अमेरिकेतल्या विमान-संग्रहालयांत उभी असलेली व्हल्कनंही यातून सुटली नाहीत. वॉडिंग्टनच्या तळावर हवा असलेला एक सुटा भाग ॲशट्रे म्हणून वापरात सापडला, ही कथा तर या मोहिमेच्या प्रत्येक वर्णनात येते. दिशा शोधण्याची यंत्रणा आणली ती प्रवासी विमानांसाठीची, कारण खाली जमीन नसेल तर व्हल्कनची जुनी पद्धत उपयोगाची नव्हती.

मोहिमेला नाव दिलं ‘ब्लॅक बक’. म्हणजे आपला काळवीट. रेहेकुरीच्या माळावर उड्या मारणारं हे जनावर दक्षिण अटलांटिकच्या मोहिमेला का आठवावं, देव जाणे. पण लांब उड्या हा गुण मात्र जुळला.

आता ही सोंड आणि नळी म्हणजे काय ते नीट पाहू, कारण पुढची सगळी रात्र तिच्यावर लटकलेली आहे. टँकर आपल्या पोटातून एक लांब रबरी नळी मागे सोडतो. नळीच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी एक टोपली असते; ती वाऱ्यात फुलते आणि नळी ताठ धरून ठेवते. मागून येणाऱ्या विमानानं आपली सोंड त्या टोपलीत घुसवायची. टोक आत बसलं की झडपा उघडतात आणि इंधन वाहू लागतं. ऐकायला सुईत दोरा ओवण्यासारखं आहे, पण इथे सुई आणि दोरा दोन्ही ताशी सातशे-आठशे किलोमीटरनं पळत असतात, आणि मागच्या विमानाच्या नाकापुढे दाबली गेलेली हवा ऐनवेळी टोपलीला बाजूला ढकलते. म्हणून वैमानिकाला पहिला धडा शिकवतात तो उलटाच: टोपलीकडे बघू नकोस. टोपलीचा पाठलाग करायला गेलास की विमान झोके खायला लागेल. नजर टँकरच्या पोटावर रंगवलेल्या रेषांवर ठेव, चालत्या माणसाच्या वेगानं पुढे सरक, आणि टोपली आपोआप येईल असा विश्वास ठेव. टँकरच्या मागे दिवे असतात. पिवळा लागला की ये, हिरवा लागला की इंधन वाहतंय, लाल लागला की ताबडतोब मागे हो. सोंड नीट बसली नाही तर इंधनाचा फवारा सरळ काचेवर येतो. व्हल्कनच्या वैमानिकांना हे सगळं शिकायला मिळाले जेमतेम दोन आठवडे. म्हणूनच प्रत्येक व्हल्कनमध्ये नेहमीच्या पाच जणांशिवाय सहावा माणूस बसवला होता, व्हिक्टर टँकरांवरचा अनुभवी प्रशिक्षक.

ही नळी-टोपलीची पद्धत ब्रिटिशांचीच, १९४९ ची. अमेरिकन हवाई दलाला तिच्यापेक्षा कडक, उडवता येणारी नळी आवडली. टँकरच्या शेपटाशी बसलेला माणूस ती स्वतः मागच्या विमानात घालतो. पण ही दोन्ही तंत्रं ज्या हट्टातून निघाली त्याच्या मुळाशी सर ॲलन कोबम नावाचा एक मुलखावेगळा इंग्रज आहे, आणि त्याची गोष्ट आपल्याकडे यायला निघाली होती. सप्टेंबर १९३४ मध्ये कोबम इंग्लंडहून न थांबता भारतात उडत यायला निघाला. मुक्काम कराची, जी तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. वाटेत दुसऱ्या विमानांतून नळी सोडून इंधन घ्यायचं, असा बेत. इंधन घेण्याचा भाग जमला. दगा दिला तो इंजिनाच्या एका साध्या जोडणीनं. माल्टापाशी विमान पोटावर उतरवावं लागलं. कोबम सुखरूप होता. पण त्याच दिवशी, त्याला इंग्लंडच्या आकाशात इंधन देऊन परत निघालेला टँकर कोसळला आणि त्यातले चौघे मेले. इतिहासाच्या पुस्तकांत कोबमचं फसलेलं उड्डाण सापडतं. त्या चौघांसाठी बहुतेक ठिकाणी एक ओळ असते, काही ठिकाणी तीही नसते.

परत ॲसेन्शनकडे.

शाळेत हौद आणि तोट्यांची गणितं असायची. एक तोटी हौद चार तासांत भरते, दुसरी सहा तासांत रिकामा करते, दोन्ही एकदम सोडल्या तर किती वेळ लागेल? गुरुजींनी हौदालाच पंख लावून उडवला नाही हे आपलं नशीब. मारहॅमच्या तळावरच्या व्हिक्टर स्क्वाड्रनांना नेमकं तेच सोडवायचं होतं. व्हिक्टर हेही मूळचं बॉम्बफेकी विमान, पुढे टँकर केलेलं. त्याची खुबी अशी की ते इंधन देऊही शकतं आणि घेऊही शकतं. त्यामुळे शिडी अशी रचली: काही तास गेले की काही व्हिक्टरांनी आपलं इंधन दुसऱ्या व्हिक्टरांना द्यायचं आणि परतायचं. भरलेल्यांनी आणखी पुढे जाऊन तेच करायचं. अधूनमधून व्हल्कनलाही पाजत राहायचं. शेवटी दक्षिणेला एकच व्हिक्टर आणि एकच व्हल्कन उरेल, आणि त्या एका व्हिक्टरच्या पोटात बाकीच्या सगळ्यांनी उपाशी राहून जमवलेली शिदोरी असेल. हा हिशेब मोठ्या संगणकावर नाही, खिशातल्या कॅल्क्युलेटरवर मांडला होता. टँकरला टँकर, त्याला आणखी एक टँकर. एका विमानाला पोचवायला बाकी सगळी वरात.

हिशेब पहिल्या काही मिनिटांतच बिघडायला लागला. ज्याच्यावर कामगिरी होती त्या व्हल्कनच्या बाजूच्या खिडकीचं रबर नीट बसेना. आतला हवेचा दाब टिकेना, तेव्हा स्क्वाड्रन लीडर जॉन रीव्ह याला माघारी फिरावं लागलं. राखीव व्हल्कनमध्ये होता फ्लाइट लेफ्टनंट मार्टिन विदर्स. सोबत म्हणून निघालेल्या माणसाच्या गळ्यात एका क्षणात वरमाला पडली. एका व्हिक्टरची नळी चालेना, तेव्हा त्याच्या जागी राखीव व्हिक्टर घुसला. म्हणजे दोन्ही राखीव विमानं पहिल्याच टप्प्यात खर्ची पडली.

आणि इंधन जास्त जळत होतं. २१ बॉम्ब, प्रत्येकी हजार पौंडांचा म्हणजे साधारण ४५० किलोचा, वर काठोकाठ इंधन. व्हल्कनचं वजन ठरवून दिलेल्या मर्यादेच्या पलीकडे गेलेलं. शिवाय व्हल्कन आणि व्हिक्टर यांना आपापली वेगळी उंची आणि वेगळा वेग मानवतो. जोडीनं उडायचं तर दोघांनी थोडं थोडं नमतं घ्यायचं, आणि या तडजोडीचा भुर्दंड इंधनात. संसारात हा खर्च कुणी मोजत नाही. इथे मोजत होते, आणि प्रत्येक वेळी देणारा आपल्या वाट्यातून थोडं जास्त ओतत होता.

त्याचा पहिला फटका बसला तो परतणाऱ्यांना. चार व्हिक्टर एकाच सुमारास ॲसेन्शनला पोचले, चौघांचीही टाकी तळाला. वाइडअवेकला बाहेर पडण्याचा रस्ता एका टोकाला. उतरलेल्या विमानानं वळून धावपट्टीवरूनच मागे यायचं आणि मग पुढच्यानं उतरायचं, अशी तिथली रीत. तेवढं थांबायला कुणाकडेच इंधन नव्हतं. तेव्हा पहिला उतरला आणि टोकाला जाऊन थांबला, मागून दुसरा, मग तिसरा. चौथा उतरला तेव्हा त्याच्या समोर धावपट्टीच्या टोकाला तीन विमानं उभी होती. ब्रेक लागले.

दक्षिणेला, विषुववृत्तापासून बरंच लांब, दोन व्हिक्टर आणि एक व्हल्कन उरले होते. शेवटच्या देवघेवीची वेळ आली आणि ते सगळे वादळात शिरले. विजा चमकत होत्या आणि टोपली वेडीवाकडी नाचत होती. स्क्वाड्रन लीडर बॉब टक्सफर्ड आपल्या व्हिक्टरमधून फ्लाइट लेफ्टनंट स्टीव्ह बिग्लंड्सच्या व्हिक्टरला इंधन देत होता, म्हणजे बिग्लंड्स पुढे जाईल आणि टक्सफर्ड परतेल. मध्येच बिग्लंड्सची सोंड मोडली. सोंड मोडलेलं विमान इंधन घेऊ शकत नाही. मग पात्रांची अदलाबदल झाली: बिग्लंड्सनं इंधन परत टक्सफर्डला द्यायचं आणि टक्सफर्डनं पुढे जायचं. त्याच वादळात टक्सफर्डनं सोंड घातली आणि जमेल तेवढं परत घेतलं. तोवर आणखी एक शंका उभी राहिली होती. मोडलेलं टोक टक्सफर्डच्या टोपलीतच तर अडकलं नाही ना? अडकलं असेल तर व्हल्कनला एक थेंब मिळणार नाही. विदर्सनं व्हल्कन जवळ आणलं, आतल्यांनी अंधारात टोपलीवर बॅटरी मारून पाहिलं. दिसलं तर काही नाही. खात्री करायला थोडं इंधन घेऊन बघितलं, आलं.

पण आता एकूण बेरीज कमी पडत होती. टक्सफर्डनं हिशेब केला. व्हल्कनला बॉम्ब टाकून परतीच्या टँकरपर्यंत पोचता येईल एवढं द्यायचं, तर आपल्याला ॲसेन्शन गाठता येणार नाही; बऱ्याच आधी समुद्रात जावं लागेल. मदत मागायची तर रेडिओ बंद ठेवण्याचा हुकूम, कारण एका वाक्यानं सगळा डाव उघडा पडला असता. त्यानं बरोबरच्या चौघांना एकेक करून विचारलं. चौघंही म्हणाले, देऊ. अशा प्रसंगांची वर्णनं मी सहसा थोड्या संशयानं वाचतो, कारण मागाहून सगळेच शूर होतात. पण इथे इंधनाचे आकडे साक्षीला आहेत. त्यांनी खरोखरच आपल्या परतीचं इंधन देऊन टाकलं होतं.

विदर्सला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एवढंच दिसलं की ठरल्यापेक्षा कमी इंधन मिळालं आणि मध्येच लाल दिवा लागला. त्याची चिडचिड झाली. मिळालं तेवढ्यावर पुढे जायचं त्यानं ठरवलं. व्हिक्टर उत्तरेकडे वळला, व्हल्कन खाली उतरलं.

रडार टाळण्यासाठी व्हल्कन लाटांच्या वर शंभर मीटरांवरून उडत गेलं. स्टॅन्लीजवळ आल्यावर दहा हजार फुटांवर चढलं. धावपट्टीच्या सरळ रेषेत बॉम्ब टाकले आणि थोडं चुकलं तर सगळी माळ बाजूच्या मातीत जाते. म्हणून ती तिरकी कापायची, म्हणजे एखादा मणी तरी नेमका पडेल. १ मेच्या पहाटे २१ बॉम्ब त्या तिरक्या रेषेत पडले. एक धावपट्टीच्या मध्यावर लागला. काही मिनिटांनी व्हल्कनमधून एकच शब्द प्रसारित झाला, ‘सुपरफ्यूज’. काम फत्ते.

तो शब्द उत्तरेला एकाकी उडणाऱ्या व्हिक्टरमध्येही ऐकू आला. आता टक्सफर्डला तोंड उघडायला हरकत नव्हती. त्यानं टँकर मागितला. ॲसेन्शनहून एक व्हिक्टर त्याच्याकडे निघाला, दोघं समुद्रावर भेटले, सोंड टोपलीत बसली. विदर्सलाही ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर त्याचा टँकर भेटला. त्या वेळी इंधन गळून पुढची काच धुरकटली, पण जोड सुटली नाही. जवळपास सोळा तासांनी व्हल्कन वाइडअवेकला टेकलं. तोपर्यंत एवढा लांब बॉम्बहल्ला जगात कुणी केला नव्हता.

एवढं करून पडला किती फरक? एक खड्डा. अर्जेंटिनानं तो बुजवला आणि त्यांची मालवाहू हर्क्युलिस विमानं युद्ध संपेपर्यंत स्टॅन्लीत उतरत राहिली. वेगवान जेट लढाऊ विमानं मात्र तिथे कधी ठेवता आली नाहीत. आणि ब्रिटिश बॉम्बर एवढ्या लांब येऊ शकतात तर आपल्या मुख्य भूमीवरही येतील, ही धास्ती ब्युनॉस आयरिसमध्ये बसली. सी हॅरियर उडवणाऱ्या नौदलाच्या ‘शार्की’ वॉर्डनं पुढे या मोहिमेची यथेच्छ टवाळी केली: एवढ्या इंधनात आमच्या विमानांनी कितीतरी अधिक बॉम्ब टाकले असते. हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. पण युद्धात शत्रूच्या मनातली धास्तीही मोजावी लागते, आणि ती लिटरमध्ये मोजता येत नाही.

वॉर्डच्या त्या सी हॅरियरांबरोबर लढलेलं आणि ताफ्याचं प्रमुख जहाज असलेलं ‘हर्मिस’ आपल्याला अनोळखी नाही. भारतानं ते विकत घेतलं आणि १९८७ मध्ये ते ‘आयएनएस विराट’ झालं. त्याच जातीची सी हॅरियर आपल्या नौदलातही होती. गोव्याच्या दाभोळी तळावरून ती २०१६ पर्यंत उडाली. विराट मुंबईत निवृत्त झालं, मार्च २०१७ मध्ये.

या खेळात दुसऱ्या बाजूचीही नळी होती. ४ मेला अर्जेंटिनाची दोन सुपर एतेंदार विमानं टिएरा डेल फ्वेगोहून निघाली, वाटेत त्यांच्याच टँकर हर्क्युलिसकडून त्यांनी इंधन घेतलं आणि सोडलेल्या एक्झोसे क्षेपणास्त्रानं ‘शेफील्ड’ ही ब्रिटिश विनाशिका पेटवली. २० जण मेले. तो टँकर नसता तर तो हल्ला होऊच शकला नसता. शेफील्डचं नाव सगळ्यांना माहीत आहे, क्षेपणास्त्राचंही.

काळविटाच्या एकूण सात उड्या ठरल्या, त्यांतल्या पाच पार पडल्या. सहाव्या वेळी, ३ जूनला, परतताना व्हल्कनची सोंड मोडली. स्क्वाड्रन लीडर नील मॅक्डूगलपुढे एकच वाट उरली, रिओ द जानेरो. गुप्त कागद समुद्रात फेकले, आणि एकदा चुकलं तर पुन्हा फेरी घ्यायला इंधन नाही अशा स्थितीत विमान उतरवलं. पंखाखाली एक न सुटलेलं क्षेपणास्त्र लटकत होतं. ब्राझीलनं आठवडाभर पाहुणचार करून सगळ्यांना सोडलं.

१ मेला बॉम्ब टाकणारं ते व्हल्कन, क्रमांक एक्सएम ६०७, आज वॉडिंग्टनला जपून ठेवलेलं आहे. विदर्सला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला, शत्रूविरुद्ध उडताना दाखवलेल्या शौर्याबद्दल. टक्सफर्डला एअर फोर्स क्रॉस मिळाला आणि त्याच्या चौघांना राणीची शाबासकीची पत्रं. एअर फोर्स क्रॉस तेव्हा हवेतल्या अशा धैर्यासाठी दिला जाई, जे शत्रूशी प्रत्यक्ष लढताना दाखवलेलं नाही. नियमाला धरूनच होतं ते. त्या रात्री व्हिक्टरवर कुणी एक गोळीही झाडली नव्हती.